जुन्या लॅपटॉपचे दान नको, दुरुस्तीचे ज्ञान हवे!

“लिनक्समुळे लॅपटॉप तापतो. एक तर विंडोज टाका, नाहीतर भंगारात द्या.” आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला देणगीत मिळालेले सहा जुने लॅपटॉप घेऊन आम्ही एका दुकानात गेलो, तेव्हा हा सल्ला मिळाला. तोही एकही स्क्रू न उघडता!

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे बुद्धाने सांगितले. कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हेही त्यानेच सांगितले. मग दुकानदाराचे वाक्य आम्ही प्रमाण का मानावे? लॅपटॉप परत आणले आणि मुला-मुलींना सोबत घेऊन तपासायला बसलो.

‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरचे तापमान दिसते. काहीही काम चालू नसताना ते नव्वदीच्या पुढे होते. ‘टॉप’ या आज्ञेने पाहिले तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. काम नाही तरी ताप आहे, याचा अर्थ उष्णता बाहेर पडत नाही. चार्जर काढला, मागचे झाकण उघडले, बॅटरीची वायर सोडवली. पंखा आणि त्यापुढील तांब्याच्या जाळीमध्ये धुळीचा जाड थर बसला होता. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. पंख्याचे पाते बोटाने धरून ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट पुसली आणि ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली. सहापैकी चार लॅपटॉप एवढ्यावरच थंड झाले. विंडोज टाकले असते तरी ते तापलेच असते!

पाचव्याचे दुखणे वेगळे होते. त्यात दोन ग्राफिक्स चिप होत्या आणि गरज नसलेली चिपही सतत चालू राहत होती. तिच्या कंपनीने आतली माहिती खुली केलेली नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी अंदाज बांधत, चाचपडत तिचा ड्रायव्हर लिहिला, पण तिच्या वीजवापरावर त्याला नीट ताबा मिळवता येत नाही. सुदैवाने बायोसमध्ये ती चिप बंद करण्याची सोय होती. सहावा फक्त व्हिडिओ लावला की तापे. नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय त्याच्या जुन्या चिपमध्ये नव्हती, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडत होता. ब्राउझरला जुन्या एच २६४ पद्धतीचाच व्हिडिओ घ्यायला लावले आणि प्रश्न मिटला.

म्हणजे लिनक्स कुठेच अडत नाही काय? अडते. पण बहुतेक वेळा ते तिथे अडते, जिथे माहिती दडवलेली असते. ज्ञान कुलपात ठेवायचे आणि ज्याला ते मिळाले नाही त्यालाच नालायक ठरवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही. म्हणूनच 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जो आग्रह धरला, तो आम्हाला आपला वाटतो. यंत्र ज्याच्या हातात आहे, त्याला ते समजून घेण्याचा आणि बदलण्याचा हक्क असला पाहिजे.

काही कार्यकर्ते विचारतात, चळवळीने स्क्रू-ड्रायव्हर कशाला हाती घ्यायचा? बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आजही तेच चालू आहे. प्रोग्राम लिहिणारे डोके वातानुकूलित कार्यालयात आणि टाकून दिलेले यंत्र फोडणारे हात दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत, विषारी धुरात. गरिबांची पोरे लॅपटॉप उघडतातच, पण तांबे काढण्यासाठी. आम्हाला तो शिकण्यासाठी उघडायचा आहे!

हा प्रश्न आता आणखी तातडीचा झाला आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे लॅपटॉपही कार्यालयांतून बाहेर काढले जात आहेत. बॅनर लावून, फोटो काढून ते ‘गरीब विद्यार्थ्यांना’ वाटले जातील. आमचे सांगणे असे की घ्यायचे तर तपासून घ्या. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड आहे का? सोबत चार्जर आहे का? बॅटरी फुगली आहे का? फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, ती मुलांच्या हातात देऊ नका. प्रोसेसर 64 बिटचा आहे का? कारण 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32 बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही. आणि ठणकावून सांगा की जुना लॅपटॉप हा आमच्या हक्काला पर्याय नाही. सरकारी शाळेत चालू संगणक कक्ष आणि वेळेवर शिष्यवृत्ती ही शासनाची जबाबदारी आहे. कुणाच्या अडगळीने ती फिटत नाही.

पण हक्कासाठी भांडताना हातातले यंत्र बंद पडू द्यायचे नाही. प्रत्येक अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक पेटी ठेवा. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हरचा संच, ब्रश, थर्मल पेस्ट आणि एक वही. कोणता लॅपटॉप का बिघडला, काय केल्यावर सुधारला, हे त्या वहीत मराठीत लिहा. आमची वही नववीतली एक मुलगी लिहिते. परवा तिच्या वर्गशिक्षकांचा लॅपटॉप तापत होता. तिने आधी विचारले, “सर, शेवटचा उघडून कधी साफ केला होता?”

आम्हाला हाच प्रश्न विचारणारी पिढी हवी आहे.

जय भीम!