एमआरआय, हेलियम आणि उष्णतेचा पेच

एमआरआयच्या नळीत झोपलेल्या रुग्णाला यंत्राचा खडखडाट ऐकू येतो. आपल्याभोवती उणे २६९ अंश सेल्सिअसची थंडी आहे, हे मात्र जाणवत नाही. चुंबकातली नायोबियम-टायटेनियमची तार एवढ्या थंडीतच ‘अतिवाहक’ राहते, म्हणजे कोणत्याही रोधाविना वीज वाहून नेते. त्यासाठी नेहमीच्या यंत्रात सुमारे दीड हजार लिटर द्रवरूप हेलियम लागतो. अमेरिका, कतार अशा मोजक्या देशांतून येणाऱ्या या वायूचा २०२२ मध्ये तुटवडा झाला आणि रुग्णालयांची चिंता वाढली.

मग ‘उच्च तापमानाचे’ अतिवाहक का वापरू नयेत? बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये ते शोधले. १९८७ मध्ये सापडलेले यट्रियम-बेरियम-तांब्याचे ऑक्साइड तर उणे १८० अंशांनाच अतिवाहक होते. त्याला स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरतो. किंमत आणि ठिसूळपणा या अडचणी आहेतच. पण खरा पेच उष्णतेचा आहे.

तांब्यात वीज आणि उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात. अतिवाहकात इलेक्ट्रॉनच्या जोड्या वीज नेतात, उष्णता नेत नाहीत. ते काम मुख्यतः स्फटिकातील अणूंच्या कंपनांवर येते आणि या ऑक्साइडांत ते तांब्याच्या मानाने फारच कमी होते. याचा फायदाही आहे: जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये याच जातीच्या पट्ट्या चुंबकांपर्यंत वीज पोहोचवतात, उष्णता मात्र फारशी आत शिरू देत नाहीत.

चुंबकाच्या वेटोळ्यात चित्र उलटते. एखाद्या ठिकाणी अतिवाहकता गेली की तिथे उष्णता निर्माण होते. जुन्या तारेत हा बिघाड झपाट्याने पसरतो आणि उष्णता वाटली जाते. नव्या पट्टीत तो रांगत पुढे सरकतो. कारण कमी थंडीत अणूंची कंपने अधिक उष्णता सामावून घेतात, शिवाय शेजारच्या भागाची अतिवाहकता जाण्यासाठी तो बराच तापावा लागतो. तोवर मूळ जागा जळून जाऊ शकते.

२०२३ मध्ये दक्षिण कोरियातून ‘एलके-९९’ हा खोलीच्या तापमानाचा अतिवाहक असल्याचा दावा झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो तपासला; तो टिकला नाही. असा पदार्थ उद्या खरोखर सापडला, तरी त्यातली उष्णता कुठे आणि किती वेगाने जाते, हे पाहावेच लागेल. तूर्त रुग्णालयांना जवळचा दिलासा आहे तो दहा लिटरहून कमी हेलियमवर चालणाऱ्या बंदिस्त यंत्रांचा. नवे यंत्र घेताना किमतीबरोबर ‘हेलियम किती लागेल?’ हेही विचारायला हवे.