खड्डा कळला पाहिजे

नवीन हिमालयनबद्दल आमच्या गंगापूर रोडवर कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "खड्डे कळतच नाहीत राव!" मग बाकीचं सगळं. इंजिन, आवाज, ॲव्हरेज, किंमत. पण सुरुवात खड्ड्यांपासूनच. विकत घेतलेला हेच सांगतो, शोरूममधून एक चक्कर मारून आलेला हेच सांगतो, आणि मित्राची दहा मिनिटं मागून चालवलेला तर हे सगळ्यात जोरात सांगतो.

मीही हेच म्हणतो. वर्ष होत आलं माझ्याकडे ही गाडी आहे, आणि पाठीचा मणका रोज तिचे आभार मानतो. पण हल्ली हे वाक्य ऐकलं की थोडं थांबायला होतं. का, ते सांगायचं म्हणूनच हे लिहितोय.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉयल एनफिल्डने पहिली हिमालयन आणली २०१६ साली. ४११ सीसी, साधारण २४ हॉर्सपॉवर, पाच गिअर. दणकट आणि साधी गाडी, पण हायवेला शंभरच्या पुढे न्यायची म्हटली की धापा टाकायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये जी आली ती नावाने तीच, बाकी सगळीच नवी. ४५२ सीसी, कंपनीचं पहिलंच लिक्विड कूल्ड इंजिन, ४० हॉर्सपॉवर, सहा गिअर. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन २०० मिलीमीटर खालीवर होतं आणि गाडीचं पोट जमिनीपासून २३० मिलीमीटर वर. वजन मात्र जवळपास जुन्याइतकंच, टाकीत पेट्रोल धरून १९६ किलो. आली तेव्हा एक्स शोरूम २ लाख ६९ हजारांपासून सुरू होती. पुढे किंमत वाढली, आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागल्यावर ती तीन लाखांच्या पुढे गेली. आधी कर आणि सेस मिळून ३१ टक्के होते. म्हणजे आता ही हौस अजून महाग झालीय. असो.

लोकांची मतं ऐकताना एक गंमत लक्षात येते. प्रत्येक जण नव्या गाडीबद्दल बोलतोय असं वाटतं, पण बोलत असतो तो आपल्या जुन्या गाडीबद्दल. बुलेटवरून आलेला म्हणतो, आवाजात मजा नाही, आणि खाली जोर नाही. त्याचं चूक नाही. जुन्या ४११ ला ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क सव्वाचार हजार आरपीएमच्या आसपासच मिळायचा. नवीला ४० मिळतो, पण साडेपाच हजारांवर. त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत चढ चढायची सवय असेल तर इथे गिअर पाडावा लागतो. केटीएमवरून आलेला म्हणतो, जड आहे, सुस्त आहे, पण बसायला सोफा आहे. स्प्लेंडरवरून आलेला काहीच म्हणत नाही. तो आधी सिग्नलला पाय टेकतोय का ते बघतो!

पाय टेकण्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही बरं का. सीट ८२५ मिलीमीटरवर आहे, हवी तर ८४५ पर्यंत वर घेता येते, आणि वेगळी बुटकी सीट घातली तर ८०५ पर्यंत खाली येते. आपल्याकडच्या पाच फूट चार इंचाच्या माणसाला, किंवा पाच फूट दोन इंचाच्या मुलीला, हे २० मिलीमीटर म्हणजे आत्मविश्वास आणि घाबरगुंडी यांतला फरक असतो. माझ्या ओळखीतल्या एकीने बुटकी सीट घालून ही गाडी घेतली आणि मस्त चालवते. तिचं मत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. ती म्हणाली, "काका, चालत असली की ही गाडी माझी. उभी राहिली की मी तिची."

तर मतं अशी दहा. पण खड्ड्यांवर सगळ्यांचं एकमत. आणि माझी अडचण तिथेच आहे.

खड्डा काय करतो? हाडं खिळखिळी करतो, रिम वाकवतो, माणसं मारतो, हे सगळं खरंच. खड्ड्यांचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण आपल्याकडच्या रस्त्यावर खड्डा आणखी एक काम गुपचूप करत असतो. तो वेग खाली ठेवतो. गंगापूर गाव सोडून दुगाव, गिरणारे आणि पुढे वाघेरा घाटातून हरसूलकडे जाणारा रस्ता घ्या. पावसाळ्यानंतर जिथे तो उखडलेला असतो तिथे साध्या शंभर सीसीच्या गाडीवर माणूस तीस-पस्तीसच्या वर जातच नाही. जाऊच शकत नाही. तिथे ना पोलीस, ना कॅमेरा, ना पाटी. रस्ताच सांगतो, हळू.

नव्या हिमालयनवर तोच रस्ता काहीही सांगत नाही. हँडल जरा हलतं, बुडाखाली काहीतरी गेल्यासारखं होतं आणि संपलं. काट्याकडे बघावं तर सत्तर! आणि मुख्य म्हणजे सत्तर वाटतच नाही. वेग आपल्याला आकड्यांनी कळत नाही, हादऱ्यांनी आणि आवाजाने कळतो. हादरे गेले, इंजिन मऊ झालं, की शरीराला वाटतं आपण चाळीसच्या आसपास आहोत.

आता चाळीस आणि सत्तर यांत किती फरक? तीस नाही. चाळीसला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, सत्तरला १९. समोर काही आलं आणि ब्रेककडे बोटं जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यातच आठ मीटर जास्त गेले. त्यापुढे ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे सत्तरला ते चाळीसच्या तिप्पट होतं. वर रस्त्यावर खडी असली तर एबीएससुद्धा फार मदत करत नाही. सुट्या खडीवर एबीएसने गाडी घसरत नाही हे खरं, पण थांबायला अंतर जास्तच लागतं.

आणि त्या रस्त्यावर समोर काय येतं? गिरणाऱ्याला टोमॅटोचा हंगाम असला की कॅरेट रचलेले पिकअप आणि ट्रॅक्टर. शेतातून थेट डांबरावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने रांगेने चालणारी पोरं. गुरं. दुधाचे कॅन लावून येणारी स्प्लेंडर. या सगळ्यांचा एक हिशोब बसलेला असतो. रस्ता ओलांडणारी बाई लांबून येणारा दिवा बघते आणि ठरवते की हा एवढ्या वेळात इथे पोचेल. तिचा अंदाज बरोबर असतो, कारण या खड्ड्यांतून गाड्या किती वेगाने येतात हे ती आयुष्यभर बघत आलीय. तिच्या हिशोबात दोनशे मिलीमीटरचं सस्पेन्शन नाही. आपण तिच्या अंदाजाच्या अर्ध्या वेळात तिच्यापुढे जाऊन उभे राहतो. अपघात झाला तर पंचनाम्यात लिहिलं जाईल, अचानक आडवी आली. ती अचानक आली नाही हो, आपण अचानक आलो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. "मग चांगलं सस्पेन्शन नकोच का? लोखंडी पाट्यावर बसून जायचं?" तसं अजिबात नाही. चांगलं सस्पेन्शन ही सुरक्षेचीच गोष्ट आहे. चाक जमिनीला चिकटून राहतं, ब्रेक लागतो, खड्डा चुकवायला ऐनवेळी वळवलं तर गाडी अंगावर येत नाही. रात्री न दिसलेल्या खड्ड्यात पडल्यावर साधी गाडी माणसाला उडवते, ही सांभाळून घेते. प्रश्न एवढाच की ही जी सोय पैसे मोजून मिळाली ती कुठे खर्च करायची? चाळीसलाच राहून आरामात आणि जास्त सावध जाण्यासाठी, की त्याच त्रासात सत्तरने जाण्यासाठी? बहुतेक जण, ठरवून नाही, नकळतच, दुसऱ्यात खर्च करतात.

दुसरा मुद्दा हायवेचा. "एकशेवीसला स्थिर चालते" हेही कौतुक मी ऐकतो. चालते ना! पण चालवणार कुठे? महाराष्ट्रात गाड्यांना ताशी १२० ची परवानगी ज्या रस्त्यावर आहे तो समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आपल्या अगदी दाराशी आला. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. चाळीस हॉर्सपॉवर असो नाही तर आठ, आपण बाहेर. बंदी योग्य की अयोग्य यावर वेगळं भांडता येईल, पण आजची वस्तुस्थिती अशी की आपल्या वाट्याला कसारा घाट आहे, पेठचा रस्ता आहे, त्र्यंबक-जव्हार आहे. म्हणजे जिथे माणसं, गुरं, बैलगाड्या आणि आपण एकत्र असतो तेच रस्ते. या गाडीची खरी परीक्षा खारदुंगलाला नाही आणि एकशेवीसलाही नाही. ती वाघेऱ्याच्या उतारावर, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला शाळेतून घरी निघालेली पोरं असताना आहे.

म्हणून कुणी मला विचारलं, गाडी कशी आहे, तर मी चांगलीच सांगतो. घ्यायची असेल तर तीन गोष्टी करून बघ असंही सांगतो. एक, गंगापूर रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर चक्कर मारून मत बनवू नकोस, दुगावच्या पुढे ने. दोन, इंजिन बंद करून गाडी दहा पावलं मागे ढकल, थोड्या चढावर. १९६ किलो म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, खराब रस्त्यावर तुला जो वेग सहज वाटतो त्या वेगाला मनात आकडा धर आणि मग काट्याकडे बघ. जो फरक निघेल तेवढं तुझं काम वाढलं.

मी स्वतःपुरता एक साधा नियम केलाय. गिरणाऱ्याच्या पुढे खराब रस्ता लागला की समोरच्या स्प्लेंडरवाल्याच्या मागे लागायचं. ओव्हरटेक नाही. तो रोज जातो, त्याला ठाऊक आहे कुठल्या वळणावर गाय बसते आणि कुठल्या वस्तीतून पोरं पळत येतात. त्याला खड्डे कळतात. मला माझ्या तीन लाखांच्या गाडीवर ते कळत नाहीत, तर निदान त्याच्याकडून कळून घ्यावेत. मजा कमी होते असं म्हणाल तर तसंही नाही. चाळीसला ही गाडी इतकी शांत चालते की धरणाकडून येणारा वारा अंगाला लागतो, कापलेल्या भाताचा वास येतो, आणि घरी पोचल्यावर पाठ दुखत नाही.