स्वस्त तिकीट, महाग प्रवास

विमानाचें तिकीट स्वस्त मिळालें म्हणजे प्रवास स्वस्त झाला, हा भ्रम होय. नाशिककराचा प्रवास घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो. मुंबईचा विमानतळ येथून सुमारें १७० किलोमीटर दूर, वाटेंत कसाऱ्याचा घाट. पहांटेच्या विमानासाठीं मध्यरात्रींच निघावें लागतें. मोटारीचें भाडें व जागरण हीं तिकिटावर छापलेलीं नसतात. उलट ओझरचा विमानतळ सुमारें २० किलोमीटरांवर आहे. इष्ट गांवीं तेथून विमान जात असेल, तर थोडें अधिक भाडेंही अंतीं परवडतें. दोन्ही वाटांचा एकूण खर्च कागदावर मांडूनच तिकीट काढावें. सामानही घरींच तोलून घ्यावें. जादा वजनाचा आकार जबर असतो. पालकहो, हा हिशेब मुलांकडूनच करवावा; शाळेंतील अंकगणित याहून अधिक कोठें उपयोगीं पडणार?