पट दिसली, गुणून मोकळे

‘एकूण’ आले की बेरीज, ‘शिल्लक’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की भागाकार आणि ‘पट’ आली की गुणाकार. हा तक्ता कुठे वर्गाच्या भिंतीवर असतो, कुठे मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर. तो काढून टाकावा, असे माझे म्हणणे आहे.

तक्त्याच्या बाजूने बोलणारे शिक्षक आळशी नसतात. त्यांचे म्हणणे असे: शाब्दिक उदाहरण समोर आले की भाषा कच्ची असलेले मूल गळाठते, एखादा शब्द धरून त्याला निदान सुरुवात करता येते. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षेत वेळ मोजका, तिथे चित्रे काढत कोण बसणार? आणि शेवटी, तक्त्याने उदाहरणे सुटतात की नाही?

सुटतात, कारण ती तशीच बेतलेली असतात. सईकडे ८ चिंचोके, रमाकडे त्याच्या तिप्पट, रमाकडे किती? इथे तक्ता पास. आता हे पाहा: रमाकडे २४ चिंचोके आहेत. ते सईच्या चिंचोक्यांच्या तिप्पट आहेत. सईकडे किती? तक्ता पाठ असलेले मूल ७२ लिहिणार, आणि आपण त्याच्यावर ‘नीट वाचत नाही’ म्हणून ओरडणार. त्याने तर सांगितले तेच केले! तिसरा प्रकार, रमाकडे २४, सईकडे ८, तर किती पट? तिथेही ‘पट’ आहेच. गुणा आणि १९२ मिळवा. तीनपैकी दोन प्रकारांत तोंडावर पाडणाऱ्या नियमाला आधार कसे म्हणायचे?

भाषा कच्ची असल्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे. पण उलट्या तुलनेत घसरणे हे फक्त लहान मुलांचे दुखणे नव्हे. १९८७ साली लुइस आणि मेयर यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशी उदाहरणे दिली, तेव्हा शब्द एक क्रिया सुचवतो आणि करायची मात्र उलटी, अशा ठिकाणी तेही जास्त चुकले. पुढे १९९५ मध्ये हेगर्टी, मेयर आणि मंक यांनी सोडवणाऱ्यांची नजर उदाहरणात कुठे परतते, हे टिपले. कच्च्यांची नजर पुन्हा पुन्हा आकड्यांवर आणि तुलनेच्या शब्दांवर जाई. चांगल्यांची, तुलना कोणाची चालली आहे त्या नावांवर. आपला तक्ता मुलांना हट्टाने कच्च्यांच्या रांगेत बसवतो. ज्याला वाचन जड जाते, त्याला वाचन टाळण्याची युक्ती शिकवून त्याचे वाचन सुधारायचे कसे?

म्हणून सुरुवात आकडे झाकून करावी. ‘रमाचे चिंचोके सईच्या तिप्पट आहेत’ एवढेच फळ्यावर लिहावे आणि विचारावे: जास्त कोणाकडे? वाक्य उलटून सांगता येईल का? सईकडे रमाच्या एक तृतीयांश, हे मुलाच्या तोंडून आले की निम्मे काम झाले. मग सईची एक पट्टी, तिच्याखाली रमाच्या तेवढ्याच लांबीच्या तीन. चोवीस हा आकडा कोणत्या पट्टीशेजारी लिहायचा, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. खरे शिकणे त्या वादात होते. सिंगापूरने १९८०च्या दशकात पट्ट्यांची ही रीत प्राथमिक शाळांत आणली. (तिचाही साचा होऊ शकतो. ‘पट दिसली की पट्ट्या काढा’ म्हणणारे गाइड निघायला वेळ लागणार नाही.)

आपल्याकडे पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. त्या घोकंपट्टीचा मी चाहता नाही; पण चाळीसची पाऊणपट तीस, हे म्हणणाऱ्या मुलाला पट म्हणजे वाढच असते, असे वाटायचे कारण उरत नसे. आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तले भुंग्यांचे उदाहरण घ्या: थव्याचा एक पंचमांश एका फुलाकडे, एक तृतीयांश दुसरीकडे, या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट तिसरीकडे, आणि एक भुंगा मागे उरलेला. तिप्पट आहे, पण कशाची? तक्ता इथे मुका होतो. चित्र काढणाऱ्याला मात्र तीन, पाच, सहा आणि एक, असे पंधरा भुंगे सापडतात.

राहिला वेळेचा प्रश्न. दोन आडव्या रेघा ओढायला फार वेळ लागत नाही, आणि सवय झाली की मुले त्याही मनातच ओढतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी तिन्ही प्रकार सारख्या संख्येने घालावेत, आणि एखाद्या प्रश्नाचे गुण उत्तराला न देता नुसत्या चित्राला द्यावेत. तेवढे झाले तर भिंतीवरचा तक्ता शिक्षक स्वतःच उतरवतील.