फडताळाचं टेबल

आमच्या भागात जुनी घरं पाडायचं काम जोरात चालू आहे. अंगणात टेम्पो लागतो. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात आणि खांब, तुळया, दारं घनफुटाच्या भावाने. जुनं सागवान म्हणजे सोनंच, असं घेणाराही म्हणतो आणि देणाराही! मग त्याच घरातला मुलगा नव्या फ्लॅटसाठी भुशाच्या फळ्यांचं कपाट हप्त्यावर आणतो. त्याला फरशी पुसतानाचं पाणी लागत राहिलं की खालून फळी कशी फुगते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं सरळ आहे. घर पडायचं असेल तर पडू द्या, पण लाकूड विकायच्या आधी गावातल्या सुताराला एकदा बोलवा. आणि तो येईल तेव्हा घरातल्या बायकांनी तिथे उभं राहायला हवं. कारण काय ठेवायचं हे पुरुषमंडळींनी ठरवलं, की नक्षीचा खांब राहतो आणि दिवाणखान्यात शोभेला उभा होतो. पाळणा, पाट, माजघरातलं फडताळ मात्र ‘ते काय करायचंय आता’ म्हणून टेम्पोत चढतं.

माझ्या माहेरचं फडताळ असंच चढणार होतं. साधी दोन सागवानी दारं, आतून काळपट झालेली. पण डाव्या दाराच्या आतल्या बाजूला आईने वर्षानुवर्षं पेन्सिलीने दुधाचा हिशेब मांडला होता. उभ्या रेघा, खाड्याच्या दिवशी फुली. मध्येच धाकट्याच्या तापाची तारीख, एका ठिकाणी कुणाला तरी दिलेले वीस रुपये. आईने डायरी कधी लिहिली नाही, तिचं लिखाण एवढंच. त्या दारांचं भाचीसाठी अभ्यासाचं टेबल करायचं ठरलं. सुतारमामांनी रंधा हातात घेतला आणि थांबले. म्हणाले, “ताई, हा फिरला की हे सगळं जाणार. फिरवू का राहू दे?” ती बाजू तशीच ठेवली, टेबलाच्या खालच्या अंगाला. भाची अधूनमधून जमिनीवर आडवी पडून आजीचे हिशेब वाचते.

जुन्या लाकडाचं काम वाटतं तितकं स्वस्त नाही, हेही सांगून ठेवते. आत मोडलेले खिळे असतात, ते राहिले तर करवतीचे दात जातात, म्हणून सुतार कुरकुरतो. सागाच्या कडेचा पांढरट भाग वाळवी खाते, तो काढून टाकावा लागतो. मजुरीत नवं कपाट आलं असतं, असं घरात ऐकून घ्यायचीही तयारी ठेवा. पण पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड सहसा वाकत नाही आणि तेलकट असल्याने आतल्या सागाला वाळवी लवकर लागत नाही. वरून जाड चकचकीत रंग मात्र देऊ नका. लाखेचं पॉलिश हाताने घासून दिलं तर रेषा दिसत राहतात.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. काका केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. तिथे नक्षीदार दरवाजे आहेत, तसेच अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा घरच्या वस्तूही आहेत. घरच्या वस्तूंनाही एवढा मान मिळू शकतो, हे तिथे कळतं.

आता जरा कडू बोलते. वाटणीच्या वेळी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात आणि निघताना ‘आईची आठवण’ म्हणून एखादा पाट हातात ठेवतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क असल्याचा कायदा २००५ मध्ये देशभर झाला. महाराष्ट्राने तर त्या दिशेने १९९४ मध्येच पाऊल टाकलं होतं. सही करायची की नाही हा जिचा तिचा प्रश्न, पण पाट हा वाट्याचा मोबदला नव्हे. आठवण वेगळी, हिस्सा वेगळा.

माझ्या एका मैत्रिणीने भावाला तोंडावर सांगितलं, “दादा, पाट मी नेतेच. कागद मात्र आधी वकिलाला दाखवते.” दादा दोन-तीन महिने बोलला नाही. भाऊबीजेला आला. तिने तोच पाट मांडला, पितळी फुल्यांचा, आणि तो काही न बोलता त्यावर बसला. कागद अजून वकिलाकडे आहे.