रिफंड मिळाला, पण तक्रार केलीत का?

सोमवारी सकाळी दवाखान्यात उलट्या-जुलाबाचे पेशंट हमखास जास्त असतात. शनिवार-रविवारी बाहेर जेवण झालेलं असतं. "पनीर जरा आंबटच लागत होतं डॉक्टर," हेही ते स्वतःहून सांगतात. तक्रार केलीत का, असं विचारलं तर बरेच जण 'हो' म्हणतात. कुणाला अ‍ॅपवर पैसे परत मिळालेले असतात, कुणी गूगलवर एक स्टार दिलेला असतो, कुणी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलेला असतो. अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, कळवलेलं मात्र क्वचितच असतं.

स्पष्टच सांगतो. यातली एकही गोष्ट तक्रार नव्हे. रिफंड घेऊन तुम्ही गप्प बसता आणि हॉटेलवाल्याचं काम स्वस्तात भागतं. तुमच्या एका स्टारमुळे त्याच्या भटारखान्यातला फ्रीज दुरुस्त होत नाही, की पाण्याची टाकी धुतली जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर दुसरं कुटुंब बसतं. त्यात एखादं दोन वर्षांचं मूल असतं, मधुमेह असलेल्या आजी असतात, एखादी गरोदर बाई असते. तुम्ही दोन दिवसांत बरे होता. पण त्याच जुलाबाने लहान मुलाच्या अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं आणि म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ताण येतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत दूषित पाण्यातून होणारी हेपेटायटिस ई ही कावीळ तर जिवावर बेतू शकते.

लग्नातल्या विषबाधेची बातमी लगेच होते, कारण सगळे एकाच पंगतीत जेवतात आणि एकाच दवाखान्यात पोचतात. हॉटेलचं तसं नसतं. तिथले आजारी लोक वेगवेगळ्या घरी जातात आणि वेगवेगळे डॉक्टर गाठतात. प्रत्येक डॉक्टरला एकच पेशंट दिसतो आणि 'पोट बिघडलंय' एवढ्यावर विषय संपतो. हे सुटे धागे जोडता येतात ते तक्रारी एका जागी जमा झाल्या तरच. डॉक्टरांनीही केसपेपरवर 'गॅस्ट्रो' लिहून हात झटकू नयेत. डॉक्टरांना विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करता येईल, अशी तरतूद अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये आहे. एकाच ठिकाणी जेवलेले दोन-तीन पेशंट आले, तर आदेशाची वाट न बघता आरोग्य विभागाला कळवायला काय हरकत आहे?

तक्रार न करण्याची कारणं मात्र ठरलेली असतात.

"उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?"

हे सर्वांत लोकप्रिय कारण. अहो, पण तुमच्या पोटाचं काय झालं? शिवाय तक्रार केली की हॉटेलला लगेच टाळं लागतं, हा गैरसमज आहे. अधिकारी आधी तपासणी करतात. त्रुटी दिसल्या तर सुधारणेची नोटीस देऊन मुदत देता येते. ती पाळली नाही, तर परवाना निलंबित होऊ शकतो. ग्रुपवर फोटो टाकून बदनामी करण्यापेक्षा हा मार्ग हॉटेलवाल्यालाही जास्त न्याय देणारा आहे, कारण इथे त्याला आपली बाजू मांडता येते.

"आमच्याकडे पुरावा नाही."

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. आत जाऊन तपासणी करण्याचा आणि नमुने घेण्याचा अधिकार कायद्याने अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दिला आहे. तुम्ही फक्त खरी माहिती द्यायची.

ती देताना एक चूक टाळा. आपण नेहमी शेवटच्या जेवणावर खापर फोडतो. खूप वेळ बाहेर राहिलेल्या भातामुळे किंवा स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषामुळे उलट्या १ ते ६ तासांत सुरू होतात. अन्न परत गरम केल्याने जंतू मरतात, पण हे विष तसंच राहतं. साल्मोनेलाची लक्षणं मात्र ६ ते ७२ तासांत दिसतात, म्हणजे दोषी परवाचं जेवणही असू शकतं. हेपेटायटिस ए ही कावीळ तर २ ते ७ आठवड्यांनी उगवते. तोवर त्या रसवंतीतला बर्फ कुणाला आठवणार? म्हणून मागच्या तीन दिवसांत कुठे, काय खाल्लं ते लिहून काढा. 'याच हॉटेलमुळे झालं' असं छातीठोकपणे लिहू नका. काय खाल्लं आणि काय झालं, एवढंच लिहा.

"काही होत नाही, सगळे सामील असतात."

हा राग मला समजतो. तपासणी उशिरा होते, उत्तर येत नाही, हा अनुभव खोटा नाही. पण तक्रारच नसेल तर यंत्रणेला 'आमच्याकडे काही आलंच नाही' म्हणायला आपणच मोकळीक देतो. लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक हातात असला, की पाठपुरावा करता येतो, माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

प्रशासनाकडेही माझी एक मागणी आहे. तपासणीचा निकाल फायलीत ठेवू नका, हॉटेलच्या दारावर लावा. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलांना स्वच्छतेची श्रेणी दर्शनी भागात लावावी लागते. आपल्याकडे परवाना दिसेल असा लावण्याचं बंधन आहेच. त्याच्या शेजारी शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल लावायला जागा नक्कीच आहे.

आता तक्रार कशी करायची ते बघा.

१. बिल जपून ठेवा. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. नसेल, तर तेही तक्रारीत लिहा.

२. हॉटेलचं नाव, शाखा, तारीख, वेळ, खाल्लेले पदार्थ, त्रास कधी सुरू झाला, सोबत कोण होतं आणि त्यांपैकी कुणाला त्रास झाला नाही, हे सगळं लिहा. शेवटचा मुद्दा तपासात फार उपयोगी पडतो.

३. डॉक्टरांचा कागद जोडा. ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौचाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.

४. उरलेलं अन्न असेल तर स्वच्छ डब्यात, नीट झाकून, चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा. घरातलं कुणी ते खाणार नाही, एवढं बघा.

५. महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, एफएसएसएआयचा १८००-११२-१००. 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर ऑनलाइन तक्रारही करता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

अ‍ॅपवर दोन-अडीचशे रुपये परत मिळाले की प्रकरण मिटलं, असं आपण समजतो. त्याच कायद्यात असुरक्षित अन्नाने इजा झाल्यास १ लाखापर्यंत, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. कायदा या गोष्टीला इतकं गंभीर मानतो. रिफंड जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच दिवशी वरच्या क्रमांकावर फोनही करा. दहा मिनिटं लागतात.