पाचवी पायरी कुणाची?

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली माणसाच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. बी.एड.ला त्या पाठच कराव्या लागतात. पहिल्या चार लहानपणाच्या. पाचवी साधारण बारा ते अठरा वयाची, ‘मी कोण, मला काय व्हायचंय’ हे चाचपून बघण्याची. त्यासाठी सवड लागते, चुकायची मुभा लागते, असं त्याचं म्हणणं. स्वतः तो विशीत चित्रं काढत युरोपभर भटकला होता!

परभणी जिल्ह्यात ही सवड कुणाला मिळते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा २२च्या आसपास. जवळपास निम्म्या पोरी चौथ्या पायरीवरून थेट सहाव्या-सातव्यावर: नवरा, संसार, लेकरू.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. भांडी, कोपीचं सामान, एखादी शेळी चढते. वयात आलेली पोरगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लावलं की आईबापाचा घोर मिटतो, सासरचा कोयताही पुरा होतो. या आईबापाला निर्दयी ठरवणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

पण ऊस न तोडणाऱ्या घरांचं काय? गावातली शाळा संपली, तालुक्याच्या एसटीची खात्री नाही, स्थळ चांगलं आलं, एवढ्यावर सोळाव्या वर्षी पोरगी उजवली जाते. तिचा भाऊ मात्र अठ्ठाविसाव्या वर्षीही परभणीच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करत असतो आणि ‘अजून त्याचं काही ठरंना’ म्हणत घर त्याची मेस भरतं. सवड परवडत नाही हे खरं नव्हे. घरात असते तेवढी मुलालाच दिली जाते.

एरिक्सनच्या मते पाचवी पायरी कच्ची राहिली की पुढचं नातंही कच्चं राहतं. इथे तर ती पायरीच काढून घेतलेली.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात ग्रामसेवकच (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. हाती आलेल्या पत्रिकेतली नवरी शाळकरी वाटली, तर अक्षता टाकायला जाण्याआधी त्याला गाठा किंवा मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा.